म्हावरं आणि माहेर

२०१७ च्या नोव्हेंबरात मी आणि आई पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या नॅरोगेज गाडीत बसलो. सोबत दोन ट्रंका, एक वळकटी, नारळ खवायची विळी आणि नारळांचं एक पोतं. अंतर ५६ किलोमीटर. या गाडीला तिकडचा सगळा मुलूख ‘पीजे’ म्हणायचा. कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून सुसाट जाण्याची सवय असलेल्या आईनं तासाभरानं विचारलं, “गाडी बिघडली का रे?” बिघडली नव्हती. ती तशीच चालायची. शेंदुर्णीच्या पुढं एक सायकलवाला बराच वेळ आमच्या खिडकीला समांतर होता, मग त्याला कुठंतरी वेळेवर पोचायचं असावं, तो पुढं निघून गेला.

समोरच्या बाकावर एक म्हातारे शेतकरी होते. त्यांचं लक्ष पोत्यावर होतं.

“एवढे नारय कोठी घेऊन चालले भाऊ?”

“जामनेरला. घरी.”

त्यांनी माझी दाढी पाहिली, आईच्या डोक्यावरची ओढणी पाहिली, पुन्हा पोतं पाहिलं. “नवस मोठा दिसू राह्यला.”

मी म्हटलं, नवस नाही बाबा, कालवणात घालायला. रोज. त्यांनी हळूच मान हलवली. एखाद्या घरातलं दुखणं कळल्यावर माणूस हलवतो तशी.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरीला. बढती मिळाली आणि बढतीच्या पोटात बदली. बायकोची नोकरी चिपळूणला, मुलीची दहावी, त्यामुळे त्या दोघींनी हलायचं नाही असं ठरलं. भाऊ कुवेतला. मग माझ्या जेवणाखाण्याचं कोण बघणार, या नावाखाली आई माझ्यासोबत आली. खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वडील गेल्यापासून दापोली तालुक्यातल्या आमच्या सात खोल्यांच्या घरात ती एकटी राहायची आणि रात्री सगळ्या खोल्यांतले दिवे लावून ठेवायची. ते कुणी बोललं नाही. ती म्हणाली, “रमजानपर्यंत येते, मग मला पोचव.” बरोबर आणलेल्या एका कापडी पिशवीत तिनं परतीचे कपडे निराळे भरले आणि ती पिशवी जामनेरच्या घरात दाराआड टांगली.

बदलीची बातमी कळली तेव्हा आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी भेटायला आले होते. गुरुजी खानदेशातलेच. रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवाडीवरच्या शाळांत तिकडचे आणि मराठवाड्यातले मास्तर असतात आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघत त्यांची वर्षं जातात. ते म्हणाले, “सर, मी नऊ वर्षं अर्ज करतोय तिथं तुम्हाला न मागता पाठवतायत!” त्यांच्या डोळ्यांत इतका निर्मळ मत्सर होता की मला एकदम आपण कुठंतरी चांगल्या ठिकाणी चाललोय असं वाटलं.

मनाला आणखी एक आधार होता. साने गुरुजी आमच्याच तालुक्यातले, पालगडचे. तेही इकडून उठून खानदेशात गेले, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडीपर्यंत तिथंच शिकवत होते. पुढं फैजपूरच्या काँग्रेससाठी गावोगाव हिंडले. म्हणजे पालगडचा माणूस खानदेशाचा होऊन गेला. तेव्हा आपणही तीन वर्षं काढू, असा माझा हिशोब. फरक इतकाच की गुरुजी गेले तेव्हा त्यांची आई हयात नव्हती, आणि माझी आई माझ्याबरोबर होती व पीजेला नावं ठेवत होती.

बँकेतला माझा दुसराच दिवस. टोपी घातलेले एक काका समोर बसले.

“साहेब, केयीसाठी पैशे पाह्यजे.”

“कोणासाठी?”

“केयीसाठी.”

मला वाटलं, मुलीचं नाव असेल. काय वयाची आहे विचारावं तर बरं दिसणार नाही. मी आपलं जपून विचारलं, “लग्न कधी आहे?”

“अजून लागन कुठी झाली साहेब? लागन करायलेच तं पैशे पाह्यजे!”

मी त्यांना सांगितलं की आमची बँक शेतीसाठी कर्ज देते, लग्नासाठी पाहिजे तर वैयक्तिक कर्जाच्या खिडकीवर जा. काका माझ्याकडं बघतच राहिले. शेवटी आमचे तडवी शिपाई मदतीला आले. “साहेब, केळी म्हणतात ते. केळीची लागण.” जामनेरच्या बोलीत ‘ळ’ला जागा नाही, त्याच्या जागी ‘य’ बसतो. डोळा तो डोया, शाळा ती शाया, जळगाव ते जयगाव. हे एकदा कळल्यावर निम्मं काम सोपं झालं. बाकीचं निम्मं ‘राह्यलो’मध्ये होतं. येऊ राह्यलो, भरू राह्यलो. थकबाकीदार “भरू राह्यलो” म्हणाला की मी खूश व्हायचो. तो भरतोय, असा मी अर्थ घ्यायचो. पुढं कळलं की ती क्रिया वर्षभरही चालू राहू शकते.

आईच्या अडचणी निराळ्या होत्या. मी डब्यात भात नेला की बँकेत विचारायचे, “तब्येत बरी नाही का साहेब?” तिथं भात शेवटी घासभर खायचा किंवा आजारपणात. ज्वारीची नाहीतर कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेवभाजी, आणि तिखट असं की पहिल्या घासाला कानात शिट्टी वाजते. आईला तांदळाची उकड काढून भाकरी थापायची सवय, ज्वारीचं पीठ तिच्या हाताला दाद देईना. पोत्यातले नारळ संपल्यावर मी दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजाहून येताना दोन नारळ घ्यायला लागलो. दुकानदार ते शेंडी बघून, वाजवून, कागदात नीट बांधून द्यायचा. डोक्यावर टोपी, दर शुक्रवारी नेमानं दोन नारळ, त्यानं मनाशी काहीतरी ठरवलं असणार. दोन महिन्यांनी न राहवून त्यानं विचारलं, “भाईजान, कौनसे बाबा के दर्गे पे चढाते? अपने को भी बताओ ना. गुण येतो का?”

तो माझ्याशी हिंदीत बोलायचा, मी मराठीत उत्तर द्यायचो, तो पुन्हा हिंदीत. त्याची हिंदी माझ्यापेक्षा वाईट होती, पण माझ्या सोयीसाठी तो ती जिवापाड चालवायचा. एकदा माझं सगळं बोलणं ऐकून घेऊन म्हणाला, “मराठी अच्छी बोलते तुम.” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकानं कुठं ना कुठं ऐकलेलं असतं. दापोलीत मला कुणी कधी म्हटलं नव्हतं, कारण तिथं माझ्या आजोबांपासून सगळ्यांचं बोलणं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यासारखंच. मी त्याला म्हटलं, “तुम्हीपण बरी बोलता.” तो खूश झाला. टोमणा वाया गेला.

गंमत अशी की दुसऱ्या बाजूलाही हीच चौकशी. आमचे घरमालक चाचा सज्जन माणूस, पण त्यांच्या घरात उर्दू, गल्लीत दखनी वळणाची हिंदी. मी आईला ‘आई’ म्हणतो हे त्यांच्या नातवंडांना फार नवलाचं वाटायचं. “अंकल, तुमारे घर में मराठी क्यूं बोलते?” मी सांगायचो, आमच्याकडं कोकणी बोलतात, ती मराठीचीच बहीण. (आईचं बोलणं मी या लेखात पुष्कळ सरळ करून लिहितोय, नाहीतर निम्म्या वाचकांना तळटीप लागेल.) तडवी शिपाई हे ऐकून हसायचे. तडवी भिल्ल हे सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी, धर्मानं मुसलमान. ते एकदा चहा देताना म्हणाले, “साहेब, तुम्हाला निदान दोनच बाजूंनी विचारतात. आम्हाला मुसलमान विचारतात तुम्ही आदिवासी का, आदिवासी विचारतात तुम्ही मुसलमान का, आणि दाखला देणारा विचारतो दोन्ही कसे?” मी विचारलं, मग तुम्ही काय सांगता? म्हणाले, “मी सांगतो, शिपाई.”

मशिदीतला पहिला दिवस तर विसरणं शक्य नाही. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आणि तिकडचे, किंबहुना देशातले बहुतेक, हनफी. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की दोन्ही सुन्नीच, नमाज तीच, पण बारीकसारीक रीतीत फरक. आम्ही फातिहा संपल्यावर ‘आमीन’ मोठ्यानं म्हणतो, ते मनात. मगरिबची नमाज. इमामसाहेबांची फातिहा संपली आणि त्या पूर्ण शांततेत माझं एकट्याचं ‘आमीन’ मशिदीच्या घुमटापर्यंत गेलं. शेजारचा पोरगा दचकला. पुढं रुकूला जाताना मी हात उचलले तेव्हा उरलेला संशयही फिटला. नमाजनंतर एक बुजुर्ग जवळ आले. “बेटा, अहले-हदीस हो क्या?”

“नाही चाचा, शाफई.”

“शाफई? वो तो कोकन में होते.”

“कोकणातलाच आहे.”

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आणखी दोघांना हाक मारली. “आओ आओ, देखो. किताब में पढे थे, आज देख लिए.” त्या दिवसापासून मी मशिदीत पाहुणा झालो. माझं आमीन मात्र आपोआप हळू होत गेलं.

आईनं असलं काही हळू केलं नाही. शाफईंचा असरचा वक्त हनफींच्या आधी लागतो, उन्हाळ्यात तर तासाभराहून जास्त आधी. ती घड्याळ न बघता सावली बघून उभी राहायची. घरमालकीण चाची घाईनं यायची, “खाला, अभी टाईम नहीं हुआ!” आई सलाम फिरवून शांतपणे म्हणायची, “आमच्याकडं झाला.” पावसाळ्यात एका भिल्ल बाईकडून तिनं ओढ्यातले खेकडे घेतले तेव्हा चाची दारातूनच परत गेली. हनफींना खेकडा चालत नाही. चाचांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “ये तुमारे में जायज है?” मी हो म्हटलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “तुमारा इलाका अच्छा है.”

१७ मे २०१८ ला पहिला रोजा. तापमान पंचेचाळीसच्या आसपास. आम्ही घामाची माणसं. कोकणात उन्हाळा अंगातून निथळतो, इथं तो अंगातलं पाणी विचारल्याशिवाय घेऊन जातो आणि घामही दिसत नाही. चाचांनी कूलर आणून दिला. मी बँकेत गेलो. आईनं विचार केला, गार हवा वाया जाऊ नये, आणि सगळ्या खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून बसली. मी आलो तेव्हा घरात हर्णै बंदरातला मे महिना होता. भिंती ओल्या, चादरी ओल्या, पापड मऊ. आई प्रसन्न. “आता कसं घरात बसल्यासारखं वाटतं!” मी खिडकी उघडायला गेलो तर तिनं उघडू दिली नाही.

म्हावऱ्याची गोष्ट त्याच्या आधीची, पहिल्या महिन्यातली. आई एकटीच बाजारात गेली आणि एका भाजीवालीला विचारलं, “बाई, म्हावरं कुठं मिळेल?” म्हावरं म्हणजे मासळी, हे कोकणाबाहेर कुणाला ठाऊक असणार? भाजीवाली म्हणाली, “माहेर? मायं माहेर पहूरचं, माय. तुमचं?”

आईनं मग मासळी सोडून दिली आणि तिच्याशेजारी बसली. तिचं माहेर खाडीपलीकडचं. आईबाप गेले, एक भाऊ मुंब्र्याला, एक कुवेतला, घराला बारा वर्षं कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडं आहे हे कुणाला नक्की माहीत नाही. हे सगळं तिनं त्या अनोळखी बाईला सांगितलं. मला कधी सांगितलं नव्हतं. मी बँकेतून आलो तेव्हा घरात दोन किलो भरताची वांगी होती, मासळी नव्हती आणि आई हसत होती. त्या बाईचं नाव आमच्या घरात ‘पहूरवाली’ पडलं. ज्वारीची भाकरी तिनं शिकवली. थंडीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत कसं करायचं तेही. आईनं तिला सुका जवळा चाखायला दिला, तो मात्र तिनं पदरात बांधून नेला आणि त्याविषयी पुढं कधी काही बोलली नाही.

रमजान झाला. ईद झाली. मी म्हटलं, पोचवू का? आई म्हणाली, “पहिल्या पावसाला जाऊ.” जून उजाडताच तिनं सवयीनं आगोटची बेगमी केली होती. कांदे टांगले, सुकी मासळी डब्यात भरली, सरपण कुठून तरी आणवलं, मला गुडघ्यापर्यंतचे बूट घ्यायला लावले. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जळगाव जिल्ह्यात साताठशे. बूट घालून मी बँकेत गेलो तेव्हा कॅशियरनं उठून सलाम केला. मग एक दिवस वीस मिनिटं पाऊस आला. गल्लीतली पोरं नाचली. आई दारात उभी राहून बघत होती. थांबल्यावर म्हणाली, “हा काय पाऊस? हे शिंपडणं. पावसाला जायचं ठरलंय, शिंपडण्याला नाही.”

ती जायची नाही हे मला तेव्हाच कळलं. दर सरीनंतर मी विचारायचो, “हा धरायचा का?” ती मान हलवायची. आमचा तो खेळ झाला. मी हा किस्सा फोनवर बायकोला सांगितला, भावाला सांगितला, सगळे हसले. ऑगस्टच्या शेवटी बँकेत चार-पाच शेतकरी बसले होते तेव्हा त्यांनाही सांगितला. आमची आई म्हणते, तुमच्या इकडं अजून पाऊस पडलाच नाही. कुणी हसलं नाही. त्यात ते केळीवाले काकाही होते. ते म्हणाले, “बरोबर म्हनतात माय तुमच्या. नाहीच पडला.”

ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जळगाव जिल्ह्यातले बहुतेक तालुके त्यात होते. त्या हिवाळ्यात मी पाहणीला एका घरी गेलो होतो. आदल्या वर्षी त्याच घरात मला पुढच्या खोलीत कापसाच्या ढिगावर बसवलं होतं, छतापर्यंत कापूस, आणि दोन दिवस माझं अंग खाजत होतं. या वर्षी त्या खोलीत खुर्ची टाकली. खोलीत खुर्चीला भरपूर जागा होती. पावसाचा किस्सा मी नंतर कुठं सांगितला नाही. आईनंही खेळ बंद केला. पण जायचं नाव काढलं नाही. पिशवी दाराआड होतीच.

२०१९ ला अखाजी आणि पहिला रोजा एकाच दिवशी आले, ७ मे, मंगळवार. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण ‘अक्षय्य तृतीया’ म्हटलं की सोन्याची दुकानं डोळ्यांपुढं येतात, अखाजीत ते नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. सालदारांचं वर्ष त्या दिवशी बदलतं. पुरुष पत्ते कुटतात आणि त्या दिवसापुरतं त्यांना कुणी काही बोलत नाही. पहूरवाली महिनाभर आधीपासून आईच्या मागं होती, “अखाजीले माह्या घरी या, तुम्हाले माहेर नाही तं काय झालं.” आणि चंद्र नेमका आदल्या संध्याकाळी दिसला. आईनं रोजा आहे म्हणून निरोप पाठवला आणि घरून आलेली हापूसची पेटी त्याच्यासोबत दिली.

संध्याकाळी इफ्तारला पाऊण तास असताना पहूरवाली स्वतः आली. सोबत माहेरी आलेल्या दोन लेकी, डोक्यावर डबा, हातात दोर. डब्यात खापरावरचे मांडे आणि आमच्याच आंब्यांचा रस. “तुम्ही नाही आल्या तं आम्ही आलो.” लेकींनी चाचांच्या अंगणातल्या निंबाला झोका बांधला. चाचा तस्बीह घेऊन बघत होते, त्यांनी फांदी कोणती मजबूत ते दाखवलं. अजान झाली, खजूर झाला, आईनं मांडा रसात बुडवून खाल्ला. मगरिबनंतर त्या तिला झोक्यावर बसवायला लागल्या. ती नको नको म्हणत बसली. वय सदुसष्ट. चाची मागून हळूहळू झोका देत होती आणि पहूरवाली गात होती. आई दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून डोळे मिटून होती.

त्या निघाल्या तेव्हा आई आत गेली. माहेरवाशिणीला आणि माहेरच्यांना रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. घरात द्यायला काही नव्हतं, म्हणून तिनं दाराआडची पिशवी काढली आणि त्यातली घडीही न मोडलेली साडी पहूरवालीच्या हातात ठेवली. लेकींना उरलेले आंबे. दुसऱ्या दिवशी मी बँकेतून आलो तर तीच पिशवी स्वयंपाकघरात खुंटीला होती आणि तिच्यातून मेथी डोकावत होती.

पंधरा दिवसांनी माझी बदलीची ऑर्डर आली. मी विनंती अर्ज करून ठेवला होता, तो मंजूर झाला होता, आणि चिपळूणच मिळालं होतं. बायकोला फोन केला, तिनं आनंदानं मोठ्यानं काहीतरी म्हटलं. मग मी आत जाऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, ज्वारीची, आता तिच्या हाताला यायला लागली होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, फुगेपर्यंत बघत राहिली.

“पाऊस तरी पडू दे,” ती म्हणाली.